चार महिन्यांतले अकरा दिवस उरलेत

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र काल, 16 मार्चला, मिळालं. मुलगा हिंजवडीत नोकरीला. त्याच्यासाठी हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या एका स्थानकाला लागून होणाऱ्या टॉवरमध्ये त्यांनी चौदाव्या मजल्यावर 92 लाखांचा फ्लॅट घेतलाय. खाली दुकानं, वर घरं, एकूण 24 मजले. 27 लाख 60 हजार भरून झालेत. आता बिल्डरने एक संमतीपत्र पाठवलंय. टॉवर 33 मजल्यांचा होणार, तिसऱ्या ते आठव्या मजल्यावर घरांऐवजी ऑफिसं येणार आणि स्थानकाकडे जाणारा पूल दुकानांच्या मजल्याला जोडणार. "सही केली नाही तर चालेल का?" एवढंच त्यांनी विचारलंय. पोरं पुण्यात आणि आईवडील सोलापुरात, अशा घरांतून याच धर्तीची पत्रं वकील म्हणून मला सारखी येतात, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देतेय.

सर, सही केली नाही तर चालेल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच संपलं.

पण पत्राच्या शेवटाकडे तुम्ही जाता जाता लिहिलंय, "करारावर 28 नोव्हेंबरला सह्या झाल्या, स्टँप ड्युटी भरली, रजिस्ट्रेशन तेवढं राहिलंय." सगळं प्रकरण या "तेवढं"वर उभं आहे. नोंदणी कायदा, 1908 चं कलम 23 सांगतं की दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी दाखल झाला पाहिजे. तुमचे चार महिने 28 मार्चला भरतात. आज 17 तारीख आहे. मध्ये पाडवा, रामनवमी, रविवार. शिवाय 1 एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे मालमत्तेचे सरकारी, दर बदलतील या धास्तीने मार्चअखेर दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे दस्त नोंदणीच्या, कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.

का राहिलं, तेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "सगळ्यांचं एकदम करू, काका." मग जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली, घरी पाहुणे होते. मग भाचीचं लग्न. करार कपाटात, लग्नपत्रिकांच्या पिशवीत. सर, तुम्ही पस्तीस वर्षं मुलांना वेळेवर वही दाखवायला लावलीत. 27 लाख 60 हजारांचा कागद चार महिने पिशवीत पडून राहतो हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं आणि रागही आला. त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. त्याला घाई नव्हतीच, आणि ती का नव्हती ते समजून घ्या.

मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आतल्या भूखंडाला पुण्यात जास्तीचा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, मिळू शकतो. रस्त्याची रुंदी आणि त्यासाठी भरायचं अधिमूल्य (प्रीमियम) या अटींवर तो 4 पर्यंत जातो. म्हणजे 24 चे 33 मजले करणं बिल्डरला परवडतं आणि नियमांत बसूही शकतं. अडतं ते तुमच्यासारख्या जुन्या ग्राहकांपाशी. तुमच्या करारासोबत 24 मजल्यांचा नकाशा जोडलाय, चटईक्षेत्र लिहिलंय आणि ताब्याची तारीख लिहिलीय. हा करार नोंदवला गेला की या तिन्ही गोष्टी पक्क्या होतात. आणि नोंदणीविना मुदत उलटली, तर तुम्हाला गोड आवाजात फोन येईल, "सर, जुना करार लॅप्स झाला, नवा करून टाकू, स्टँपचं आम्ही बघतो." नव्या करारात नकाशा 33 मजल्यांचा असेल, ताब्याची तारीख पुढची असेल आणि मध्येच कुठेतरी, भविष्यातल्या सगळ्या बदलांना तुमची आगाऊ संमती आहे, असं एक कलम असेल. संमतीपत्रावर सही न करण्याचा तुमचा निर्धार तिथे काही कामाचा राहणार नाही, कारण तीच संमती तुम्ही दुसऱ्या कागदावर देऊन बसाल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत शेवटचं पान मी दोनदा मोठं करून पाहिलं. खरेदीदाराच्या सहीखाली तुमच्या हाताने, निळ्या शाईत, 28 नोव्हेंबर लिहिलंय. बिल्डरच्या बाजूला कंपनीचा गोल शिक्का आणि सही आहे, तारखेची जागा कोरी. कलम 24 म्हणतं की वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या दिवशी सह्या केल्या असतील, तर प्रत्येक सहीपासून चार महिने मोजता येतात. बिल्डरने खरोखरच नंतर सही केली असेल, तर तुम्हाला थोडी सवड मिळेलही. पण त्या भरवशावर राहू नका, मोजणी तुमच्याच सहीपासून करा. आणि त्या कोऱ्या जागेत "आजची तारीख टाकून टाकू" असं कुणी सुचवलं, तर कागद उचला आणि घरी या. स्टँप ड्युटीचं चलन, बँकेची नोंद, त्या दिवसाचे ईमेल, सगळं नोव्हेंबरचं आहे. खोटी तारीख घातलेला करार पुढे कोर्टात तुमच्याच गळ्याशी येईल.

आता काय करायचं ते सांगते. दस्त दाखल करायला बिल्डर सोबत असलाच पाहिजे असं नाही. करार करणारा किंवा त्याखाली हक्क सांगणारा कुणीही एक जण दस्त सादर करू शकतो. तो मुदतीत सादर झाला, की निम्मी लढाई तुम्ही जिंकलीत. बिल्डरने येऊन सही कबूल करणं ही पुढची पायरी. तो आला नाही, तर दुय्यम निबंधकांमार्फत त्याला समन्स काढता येतं. त्याने सहीच नाकारली आणि नोंदणी फेटाळली गेली, तर जिल्हा निबंधकाकडे 30 दिवसांत दाद मागायची असते. इतकी वेळ येईल असं मला वाटत नाही. नव्या प्रकल्पांचे बरेच बिल्डर आपल्या ऑफिसातूनच ई-नोंदणी करतात, तुमच्याकडेही ती सोय असेल तर दोन दिवसांत काम होईल. आजच ईमेल करा, "28 मार्चपूर्वी नोंदणीची वेळ कळवा, अन्यथा मी दस्त स्वतः सादर करीन." फोनवर बोलू नका. फोनवरचं बोलणं तुम्ही गेले चार महिने ऐकताच आहात.

गुडघ्याच्या दुखण्यामुळे पुण्याला जाणारी पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडणं जमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याला तोड आहे. मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा. मात्र नोटरीकडचं चालणार नाही. नोंदणीसाठीचं मुखत्यारपत्र, तुम्ही जिथे राहता तिथल्या निबंधकासमोर सही करून साक्षांकित करून घ्यावं लागतं, म्हणजे इथेच, सोलापुरात. त्यात "दस्त सादर करणे आणि माझ्या वतीने सहीची कबुली देणे" हे शब्द स्पष्ट हवेत. करार तुमच्या आणि पत्नीच्या नावावर आहे, तेव्हा दोघांचंही मुखत्यारपत्र लागेल. मूळ करार मुलाकडे पाठवताना कुरिअरने पाठवू नका. घरातलं कुणीतरी पुण्याला जातच असेल, त्याच्या हाती द्या आणि प्रत्येक पानाची रंगीत प्रत इथे ठेवा.

समजा, एवढं करूनही 28 तारीख हुकली. मग कलम 25 आहे. उशिराचं कारण पटवून दिलं तर आणखी चार महिन्यांपर्यंत दस्त स्वीकारता येतो, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड बसू शकतो. तुमच्या व्यवहाराला फी 30,000 रुपये, म्हणजे दंड वरच्या टोकाला 3 लाखांपर्यंत जाऊ शकतो. किती लावतील ते उशिरावर आणि अधिकाऱ्यावर आहे, मी आकडा सांगणार नाही. त्याच्याही पुढे गेलात, तर करार अगदीच रद्दी होतो असं नाही. कराराची अंमलबजावणी मागणाऱ्या दाव्यात नोंद नसलेला करारही पुरावा म्हणून दाखवता येतो, आणि करार नोंदवून देण्याचा आदेश बिल्डरला द्यावा म्हणून महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जाता येतं. पण रेरा कायद्यात 60 दिवसांत निकालाची अपेक्षा लिहिलीय म्हणून मुलाच्या कर्जाच्या हप्त्यांचं गणित त्यावर मांडू नका. दिवाणी दाव्याचं तर नावच काढायला नको. सोलापूर जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसतं, मुंबईची फेरी वाचली, पण पुण्यातल्या फ्लॅटचं भांडण पुण्यातच लढावं लागतं, आणि तारखा तिथेही तारखांसारख्याच पडतात. मी हे काम रोज करते. अकरा दिवसांत होणाऱ्या कामासाठी सात वर्षं कोर्टाची पायरी चढणारी माणसं मी पाहिलीत. त्यांतली काही निकाल ऐकायला उरली नाहीत.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती वापरा. करार होण्याआधीच तुमच्याकडून 18 लाख घेतले गेले. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे, नोंदवलेला करार होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत 9 लाख 20 हजार. आणि तुमचा करार तर अजूनही नोंदवलेला नाही. ईमेलमध्ये ही एक ओळ घाला, उत्तर लवकर येईल. जाता जाता, 50 लाखांवरच्या खरेदीत 1 टक्का टीडीएस, म्हणजे बिल्डरला द्यायच्या रकमेतून कापायचा प्राप्तिकर, खरेदीदाराने कापून भरायचा असतो. तो भरलाय की नाही, हे मुलाला आजच विचारा.

राहिलं 33 मजल्यांचं. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे इमारतीच्या मंजूर नकाशात मोठा बदल करायचा, तर बिल्डर सोडून बाकीच्या ग्राहकांपैकी दोन-तृतीयांशांची लेखी संमती हवी. एकाच गुंतवणूकदाराने चाळीस फ्लॅट घेतले असले, तरी त्याचं मत एकच धरतात. म्हणजे तुम्ही एकट्याने अडवाल असं नाही, पण बाकीच्यांना गाठलंत तर अडवू शकाल. सरकारी प्राधिकरणाने नकाशा मंजूर केला म्हणजे तुमची संमती मिळाली, असं होत नाही. दुकानं, ऑफिसं आणि घरं यांची सोसायटी एक की वेगवेगळी, स्थानकाच्या पुलावरून येणारी वर्दळ तुमच्या लिफ्टपर्यंत येणार का, पार्किंग कुणाचं, यावर मी आज मत देणार नाही, कारण नवा नकाशा तुम्ही पाठवलेला नाही. "मेट्रोला उशीर झाला म्हणून ताबा उशिरा" हे मात्र ऐकून घेऊ नका. उशिरासाठी रेरा कायद्यात मान्य असलेली हाताबाहेरची कारणं म्हणजे युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप यांसारख्या आपत्ती; त्यांत मेट्रो नाही. आणि रेराच्या संकेतस्थळावर बिल्डरने मुदत वाढवून घेतली, तरी तुमच्या हक्कासाठी करारातली तारीखच धरतात. तो करार नोंदलेला असला, तर ही तारीख तुम्ही ठणकावून सांगू शकाल.

म्हणून संमतीपत्राला सध्या एवढंच उत्तर द्या, "नवा मंजूर नकाशा आणि माझ्या फ्लॅटवर होणारा परिणाम लेखी कळवा. तोपर्यंत माझी संमती नाही." सही कुठेही नको, "मिळाले" म्हणूनसुद्धा नको. नोंदणी होऊन इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात पडला, की ते संमतीपत्र आणि नकाशा घेऊन या. कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसात जिना आहे, पण तुमच्या गुडघ्यासाठी मी खाली येईन.