घरून विम उघडायला ९ सेकंद का लागतात?

प्रश्न : मॅडम, मी पीएचडी करते. आमच्या विभागाचा लिनक्स सर्व्हर कोल्हापुरात आहे. सध्या मी रत्नागिरीजवळ गावी आहे आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एसएसएचने (दूरच्या संगणकावर टर्मिनलमधून काम करायची सोय) त्या सर्व्हरवर काम करते. विम हा मजकूर-संपादक उघडायला ८-९ सेकंद लागतात. विभागात बसून हाच विम क्षणात उघडायचा. सगळे प्लगइन काढले, विमआरसी (विमच्या सेटिंगची फाइल) रिकामी केली, तरी फरक नाही. उघडल्यावर टायपिंग ठीक चालतं. दिवसात पन्नासदा फाइल उघडावी लागते, काय करू?
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : आधी तुमचे प्लगइन परत बसवा. विमआरसी रिकामी करूनही वेळ तेवढाच लागतोय, म्हणजे त्यांचा यात काही दोष नाही. मी संगणक केंद्रात असताना एका प्राध्यापकांची हीच तक्रार होती. त्यांनी तीन वर्षं जमवलेली विमआरसी मी पुसायला लावली आणि विम होता तितकाच मंद राहिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी कुणाला काही काढायला सांगत नाही.

मोजायचं असं (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिते, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करा). टर्मिनलवर ‘टाइम विम +क्यू’ द्या. विम उघडून लगेच बंद होईल आणि खाली तीन आकडे येतील. ‘रिअल’ ९ सेकंद आणि ‘युझर’ सेकंदाचा छोटासा अंश असेल, तर विम काम करत नाहीये, कुणाची तरी वाट बघत बसलाय.

कुणाची, ते त्यालाच विचारा. ‘विम --स्टार्टअपटाइम’ आणि पुढे एका नव्या फाइलचं नाव द्या. सुरू होतानाच्या प्रत्येक पायरीची वेळ मिलिसेकंदांत त्या फाइलमध्ये उतरते. जुनीच फाइल दिली तर नव्या नोंदी तिच्या शेवटी जोडल्या जातात, म्हणून दर वेळी आधीची पुसा. डावीकडचा आकडा वाढत जातो. तो एकदम हजारोंनी कुठे उडी मारतो ते बघा. ती उडी ‘सेटअप क्लिपबोर्ड’ या ओळीवर दिसेल, असा माझा अंदाज आहे.

कारण असं. तुम्ही बहुतेक ‘एसएसएच -एक्स’ (मोठ्या लिपीतला एक्स) वापरता, विभागात आलेखाची खिडकी आपल्या पडद्यावर दिसावी म्हणून. त्यामुळे सर्व्हरवर डिस्प्ले नावाचं व्हेरिएबल तयार होतं. ते दिसलं की विम क्लिपबोर्डसाठी आणि खिडकीचं शीर्षक वाचण्यासाठी एक्स सर्व्हरशी (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामशी) बोलायला जातो. तुमच्या बाबतीत तो एक्स सर्व्हर कोल्हापुरात नाही, तुमच्या लॅपटॉपवर आहे! एक्सच्या बोलण्यात विचारणा आणि उत्तर यांच्या फेऱ्या खूप. विभागाच्या केबलवर त्या जाणवत नाहीत, पण हॉटस्पॉटवर प्रत्येक फेरी गावाहून कोल्हापूर गाठून परत येते. विमआरसी रिकामी असली तरी हे होतंच.

खात्रीसाठी ‘विम -एक्स’ देऊन बघा. हा एक्स मोठ्या लिपीतला हवा. छोटा दिलात तर फाइल कूटबद्ध करायची समजून विम पासवर्ड मागेल. झटकन उघडला, तर बॅशआरसीत (शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘विम’साठी तसा एलियास (आज्ञेचं टोपणनाव) लिहा. नाहीतर विमआरसीत ‘सेट क्लिपबोर्ड=एक्सक्लूड:.*’ ही ओळ टाका, परिणाम तोच. मला मात्र तुमच्यासाठी तिसरा मार्ग आवडतो : गावाहून जोडताना एसएसएचला -एक्स देऊच नका, आणि एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये ‘फॉरवर्डएक्स११ येस’ असेल तर ‘नो’ करा. आलेख बघायचा असेल त्या दिवशीच -एक्स द्या. यात विमचा क्लिपबोर्ड लॅपटॉपशी जोडलेला राहणार नाही, पण शिफ्ट दाबून माउसने निवडलेला मजकूर बहुतेक टर्मिनलांत कॉपी होतो.

टीमक्स (जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं सेशन चालू ठेवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर आणखी एक बघा. जुन्या सेशनला परत जोडल्यावर, आधीच उघड्या असलेल्या शेलमध्ये डिस्प्लेची जुनी किंमत तशीच राहते. विम मग बंद झालेल्या वाटेवर जाऊ बघतो. तिथे ‘अनसेट डिस्प्ले’ दिलं की पुरे.

आणि ती उडी ‘सेटअप क्लिपबोर्ड’वर नसेल, तर स्टार्टअपटाइमची ती फाइल मला पाठवा. आपण ओळ न् ओळ बघू.