तारखा मोजणाऱ्या दादाला काय सांगू?

प्रश्न : गेली दोन-तीन वर्षं माझा मोठा भाऊ शेवटच्या काळावरची व्याख्यानं ऐकत असतो. कुठे लढाई पेटली, भूकंप झाला की लगेच फोन : ‘बघ, चिन्हं पूर्ण होत चालली.’ माझ्या मुलीला पुढे शिकायचं आहे. प्रवेशअर्जाची मुदत या महिनाअखेर संपते. दादा म्हणतो, ‘चार वर्षांचं शिक्षण कशाला? प्रभू त्याआधीच येणार. ते पैसे सुवार्तेच्या कामाला दे.’ मुलगी रात्री दचकून उठते, ‘आई, मी मागे राहिले तर?’ असं विचारते. माझ्या मनात तिसरंच काही आहे. आमचे वडील कधी चर्चला आले नाहीत. रविवारी शेजारपाजारच्या मुलांच्या सायकली दुरुस्त करत बसायचे, तेही फुकट. न्यायाच्या दिवशी त्यांचं काय होईल?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, मुलीपासून सुरुवात करतो, कारण तिच्या जागी मी राहून आलोय.

अकरा-बारा वर्षांचा असेन. एका सभेत वक्त्यांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली आणि तिच्यावर खुणा केल्या : इथे मंडळी, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे, वर घेतली जाणार, इथे सात वर्षांचं महासंकट, इथे ख्रिस्तविरोधक, इथे हजार वर्षांचं राज्य. दोन दिवसांनी शाळेतून घरी आलो तर दार सताड उघडं. पंखा फिरतोय, उघड्या पुस्तकावर आईचा चष्मा पडलाय आणि घरात चिटपाखरू नाही. मी उंबऱ्यावरच बसलो. सगळे गेले, मी राहिलो! आठवड्यातली पापं आठवू लागलो. धाकट्या भावाची पेन्सिल ढापली होती, ती उठून त्याच्या दप्तरात ठेवली, उशीर झालाय हे माहीत असूनही. तेवढ्यात गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आई खाली आली. मी तिला काही बोललो नाही. पण पुढे कितीतरी महिने शाळेतून आलो की आधी तिच्या चपला दाराशी आहेत का ते बघायचो.

ज्या वचनावरून ही धास्ती बसते ते प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. गंमत म्हणजे पौल ते घाबरवायला लिहीतच नाही. त्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि मागच्यांना घोर लागला होता की प्रभू येईल तेव्हा आपल्या गेलेल्यांचं काय. म्हणजे तुम्हाला वडिलांविषयी पडलाय, जवळजवळ तोच प्रश्न. पौल म्हणतो, आधी तेच उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूला सामोरे जाऊ. या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. ‘सामोरे जाणे’ हा आपला मराठी शब्द इथे चपखल बसतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘अपान्तेसिस’. बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तोच शब्द येतो : पौल रोमला येतोय हे कळल्यावर तिथले बंधू वाटेपर्यंत त्याला भेटायला गेले आणि त्याच्याबरोबर रोमला परतले. सामोरं गेलेला माणूस पाहुण्याला घेऊन मागे फिरतो. वरच्या वर पळून जात नाही.

आधी गुपचूप काहींना उचलून नेणार आणि नंतर उघडपणे येणार, ही दोन टप्प्यांची मांडणी जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकांनी १८३० च्या दशकात पुढे आणली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड संदर्भ बायबलच्या टिपांमधून ती घरोघर पोचली. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या ती शिकवत नाहीत, प्रॉटेस्टंटांपैकीही अनेक जण मानत नाहीत. जे मानतात ते माझेच बांधव आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मात्र तुमच्या मुलीला हे कळू द्या की फळ्यावरची ती रेघ म्हणजे बायबल नव्हे. ते वचन तिला शेजारी बसवून वाचून दाखवा, अठराव्या ओवीपर्यंत, म्हणजे त्या सांत्वनाच्या शब्दांपर्यंत. वक्ते बहुतेक सतराव्या ओवीवरच थांबतात.

आता दादा. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरणात, श्वापदाचा आकडा म्हणून ६६६ येतो. त्यांनी अजून त्याचा हिशेब कसा काढला नाही याचंच मला नवल वाटतं. काढलाच तर सांगा, ‘नेरोन कैसर’ हे नाव इब्री (हिब्रू) अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमतींची बेरीज केली की ६६६ येते. शेवटचा ‘न’ गाळला तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ च आहे. अनेक अभ्यासक म्हणूनच तिथे त्या जुलमी रोमी सम्राटाकडे बोट दाखवतात.

तारखा मोजणारे दादा पहिले नव्हेत. अमेरिकेतले शेतकरी विल्यम मिलर यांनी बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं धरली. त्या हिशेबातून शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निघाली. काही अनुयायांनी शेतातलं पीक काढलंच नाही. तेवीस तारखेची सकाळ नेहमीसारखीच उजाडली. अमेरिकेतलेच रेडिओवरचे प्रचारक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, ती हुकल्यावर २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्यांनी आपली चूक झाली असं जाहीरपणे कबूल केलं. त्या कबुलीबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण त्यांच्या भरवशावर ज्यांनी साठवलेले पैसे खर्चून टाकले, त्यांना ती फार उशिरा मिळाली.

आणि हे सगळं करायची गरज काय होती? मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो की तो दिवस नि ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. लढाया आणि भूकंप यांच्याविषयी त्याच अध्यायात आहे की घाबरू नका, एवढ्याने शेवट होत नाही. थेस्सलनीकातही दादांसारखे लोक होते. प्रभूचा दिवस येऊन ठेपला म्हणत कामधंदा सोडून बसलेले, दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसणारे. त्यांना पौलाने दुसऱ्या पत्रात ठणकावलंय : ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. दादांना हे तुम्ही म्हणू नका, वाचून दाखवा. मोठ्या भावाला धाकट्या बहिणीपेक्षा पौलाचं ऐकणं सोपं जाईल.

वडिलांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. त्याचा निकाल मी देऊ शकत नाही. न्यायासनावर मला कुणी बसवलेलं नाही, दादांनाही नाही. तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासाने मिळतं अशी माझी श्रद्धा आहे आणि मी तेच शिकवत आलो. पण शेवटच्या न्यायाचं जे चित्र येशूने स्वतः रेखाटलं, मत्तय पंचवीसमध्ये, ते वाचताना माझी जीभ आवरते. राजा मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे अशी माणसं वेगळी करतो. भुकेल्याला खाऊ घातलं का, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. राजा म्हणतो, ते केलं तर माझ्यासाठीच केलं, नाही केलं तर माझ्यासाठीच नाही. आणि दोन्ही बाजूंचे लोक एकच प्रश्न विचारतात : ‘प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं?’ उजवीकडचेही चकित, डावीकडचेही. आपली जागा कुठली हे आधीपासून पक्कं ठाऊक असलेला माणूस त्या गोष्टीत एकही नाही. सायकली त्या यादीत नाहीत, हे खरं. ती यादी तिथेच संपते असंही कुठे लिहिलेलं नाही.

प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात मोठ्या पांढऱ्या राजासनापुढे माणसांच्या कृत्यांची पुस्तकं उघडली जातात. लहानपणी मला तिथे फक्त माझी पेन्सिल लिहिलेली दिसायची. पण त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात विश्वासापायी वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून ओरडतात, ‘कुठवर, प्रभू?’ ज्यांची दाद इथे कुणीच घेतली नाही, त्यांना कुणीतरी ती पुस्तकं उघडावीत असंच वाटत असणार. पहिल्या मंडळ्या ‘मारानाथा’ म्हणजे ‘हे आमच्या प्रभू, ये’ अशी हाक मारत, ती त्या ओढीने.

सुवार्तेच्या कामाला पैसे द्यायचे तर तुमच्या कमाईतून तुमच्या मर्जीने द्या, मुलीच्या फीतून नको. तो दिवस नि ती घटका कुणाला ठाऊक नाही. अर्जाची मुदत मात्र तुम्ही स्वतःच कळवली आहे. शेवटच्या दिवशी संकेतस्थळं हमखास अडकतात, तेव्हा दोन-तीन दिवस आधीच भरून टाका.