एकतीस फुटांची होडी

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

व्हिएतनाममध्ये नदीगस्तीवर मारल्या गेलेल्या डेव्हिड वेलेट या अमेरिकी खलाशावरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्याच परिच्छेदात हातबॉम्ब येतो आणि उरलेली पाने ‘शूर’, ‘निर्भय’, ‘अजरामर’ अशा शब्दांनी भरून जातात. ही विशेषणे खोटी नाहीत, पण ती त्याच्या शौर्यपदकाचे प्रशस्तिपत्र लिहिणाऱ्याने आधीच वापरून झालेली आहेत. बावीस वर्षांचा तो मुलगा तेथे रोज काय करत होता, हे कळल्याशिवाय शेवटी त्याने काय केले ते वाचकाला दिसणार नाही.

म्हणून नदीपासून सुरुवात कर. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात रस्ते थोडे. भात, मासळी आणि माणसे यांची ने-आण मुख्यतः नद्या-कालव्यांतून होई, आणि व्हिएतकाँगची, म्हणजे अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांची, शस्त्रेही त्याच होड्यांच्या गर्दीतून सरकत. ही वाट अडवण्यासाठी अमेरिकी नौदलाने डिसेंबर १९६५ मध्ये वेगळे दल उभारले. त्याच्या गस्ती होड्या सुरुवातीला ३१ फूट लांबीच्या, फायबरग्लासच्या आणि चार खलाशांच्या होत्या. पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून त्या पळत, त्यामुळे उथळ पाण्यातही अडत नसत. दिवसभराचे काम म्हणजे सांपान (तिथल्या लहान लाकडी होड्या) थांबवणे, कागदपत्रे पाहणे, पोती उचलून बघणे. बाजाराला निघालेल्या ज्या बाईच्या होडीवर मशीनगन रोखलेली असे, तिच्यासाठीही तुझ्या लेखात दोन ओळी हव्यात.

आता ६ मार्च १९६७ ची संध्याकाळ. प्रशस्तिपत्र पुन्हा वाच, कारण तुझ्या हातून त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुटली आहे. वेलेट पुढच्या मशीनगनवर होता. काठावरची संशयास्पद हालचाल त्यानेच टिपली, होडीच्या नायकाला सांगितली आणि होडी तिकडे नेण्याची सूचनाही त्यानेच केली. म्हणजे त्याचे कर्तव्य हातबॉम्बच्या आधीच सुरू झाले होते, आणि ज्या जागी त्याला मरण आले तेथे होडी त्याच्याच चोख नजरेमुळे पोहोचली होती. हे लिहिताना हात थबकेल. थबकू दे, पण वाक्य गाळू नकोस. काठाला समांतर वेगात जाताना हातबॉम्ब येताना दिसला, तेव्हा मशीनगनमागची सुरक्षित जागा सोडून तो ओरडत मागे धावला, इंजिनावरच्या झाकणावर चढून त्याने नायकाला खाली ढकलले आणि स्फोट व सोबती यांच्यामध्ये स्वतःचे शरीर घातले.

लिहिण्यापूर्वी अंगणात ३१ फूट मोजून ते अंतर एकदा पळून बघ. (माझ्या वयात मी ते चालून पाहिले.) किती थोड्या वेळात हे सारे घडले ते पायांना समजेल, आणि त्या परिच्छेदातली निम्मी वाक्ये तू आपणहून खोडशील.

मरणोत्तर मेडल ऑफ ऑनरचा, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च लष्करी शौर्यपदकाचा, उल्लेख एका वाक्यात पुरे. व्हिएतनाम युद्धातल्या मृतांच्या वॉशिंग्टनमधील स्मारकभिंतीवर मात्र थोडे थांब: तेथील नावे सरसकट वर्णानुक्रमाने नाहीत, माणसे ज्या तारखांना पडली त्या क्रमाने कोरली आहेत (एकाच दिवसाची नावे तेवढी वर्णानुक्रमाने), त्यामुळे त्याच्या शेजारी त्या दिवसांत गेलेले इतर आहेत. पुढे १९७० मध्ये त्याचे नाव घेऊन एक मोठी युद्धनौका नौदलात दाखल झाली; कालांतराने ती थायलंडच्या नौदलाकडे गेली आणि तिचे नाव बदलले. हा तपशील लेखात कोठे बसवायचा, ते तूच ठरव.

तुझा,
जुना शिक्षक