माळाला पडीक म्हणू नका

प्रश्न असा आहे: एका पर्यावरण अहवालाच्या मराठी मसुद्यात ‘रेंजलँड’साठी, म्हणजे नैसर्गिक गवत वाढतं आणि जनावरं चरतात अशा रानासाठी, ‘पडीक जमीन’ लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘कुरण’ केलं आणि आता ‘गायरान’ छापायचं घाटतं आहे. तिघांतलं बरोबर कोणतं?

तिन्ही चूक. त्यातही ‘पडीक’ ही चूक घातक, कारण ती कागदावर थांबत नाही. ‘पडीक माळरानावर दहा हजार झाडं लावली’ ही बातमी दर पावसाळ्यात येते आणि ती वाचून लोक टाळ्या वाजवतात.

‘पड’ हा नांगराचा शब्द आहे. जे रान एके काळी नांगरलं-पेरलं जात होतं आणि मग तसंच सोडलं, ते पड. ‘यंदा वरचं रान पड टाकलंय’ असं शेतकरी म्हणतो तेव्हा ते काल पिकाखाली होतं आणि उद्या पुन्हा येऊ शकतं, हे त्यात गृहीत असतं. महसुलाच्या भाषेतही चालू पड आणि जुनी पड असा भेद आहे, आणि दोन्हींचं माप एकच: नांगरणी-पेरणी बंद होऊन किती काळ झाला. ज्या जमिनीला फाळ कधी लागलाच नाही ती पड कशी होईल? सातबाऱ्यावर लागवडीलायक नसलेल्या तुकड्याला ‘पोटखराबा’ हा निराळा शब्द मुद्दाम ठेवला आहे. आपल्या कारकुनांना जो फरक कळत होता तो आपल्या पर्यावरण अहवालांना कळत नाही.

हा फरक जमिनीवरही दिसतो. जुन्या, अनांगर माळावर पवन्या, डोंगरी, मारवेल ही बहुवर्षायु गवतं ठोंबांनी वाढलेली असतात. दोन ठोंबांच्या मधे भुईचक्र, कंदीलपुष्प यांसारख्या कंद असलेल्या वनस्पती असतात. त्या पावसाळ्यात काही आठवडे वर दिसतात आणि उरलेलं वर्ष जमिनीखाली काढतात. नांगर एकदा फिरला की ठोंब उलटतात, कंद तुटतात. मग ते रान सोडून दिलं तरी आधी येतं गाजरगवत, टाकळा, तरवड आणि एका हंगामात संपणारी ॲरिस्टिडासारखी गवतं. लांबून दोन्हीकडे पिवळं गवतच दिसतं. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी 2020 साली जगभरच्या गवताळ रानांच्या नोंदी एकत्र करून दाखवलं की मोडलेल्या रानात जुनी वनस्पतिविविधता परत यायला किमान शतक लागतं, बहुतेक वेळा त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे पड ही पुन्हा माळ होऊ पाहणारी जमीन आहे, आणि माळ मात्र काहीच होऊ पाहत नाही. तो पूर्ण झालेलाच आहे.

सरकारी घोळ याच शब्दापाशी सुरू होतो. 1985 साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ आलं. 2000 साली देशाचा ‘वेस्टलँड ॲटलस’ निघाला आणि झुडपी व गवताळ रानं त्या नकाशांत ‘वेस्ट’ म्हणून रंगवली गेली. मराठीत ‘वेस्ट’चं ‘पडीक’ झालं. एकदा पडीक ठरली की ती जमीन ‘उपयोगात आणायची’ असते. तिच्यावर सलग समपातळी चर खणायचे, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड लावायचं. चर मुळांची वीण कापतात. गिरिपुष्प हवेतला नत्र मातीत आणतं आणि सावली धरतं, आणि दख्खनी गवतांना या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत: ती हलक्या, मुरमाड, कस नसलेल्या मातीत आणि भर उन्हात वाढायला घडलेली आहेत. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि दूरवर दिसत राहणं हेच त्याचं संरक्षण असतं. तिथे झाडांची रांग उभी केली की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते आणि माळढोकाची नजर अडते. 1979 साली सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं ते याच पक्ष्यासाठी.

आता ‘कुरण’. वर्तमानपत्रांनी ‘भ्रष्टाचाराचं चराऊ कुरण’ लिहून लिहून या शब्दाची पार माती केली. कुरण म्हणजे कोणीही यावं आणि चारावं अशी जागा, असा समज त्यातून झाला. वास्तविक कुरण ‘राखतात’. क्रियापदच सगळं सांगतं. घोडदळाला वर्षभर वैरण लागे, त्यासाठी गवताच्या जमिनी राखून ठेवत. गवत पिकून बी झडलं की दिवाळीच्या सुमारास ते कापून गंजी रचत. तोवर जनावराला तिथे बंदी. कोशांतून ‘चरण्याची जागा’ हा अर्थही दिला आहे, पण तो मला उत्तरकालीन आणि सैल वाटतो. राखण गेली तर ‘कुरण’ आणि ‘रान’ यांत फरकच उरणार नाही, आणि भाषा असे दोन शब्द उगाच बाळगत नाही.

‘गायरान’ चटकन उरकता येतं. तो हक्काचा शब्द आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (1966) कलम 22 प्रमाणे गुरचरणासारख्या कामासाठी गावाला नेमून दिलेली सरकारी जमीन. गायरान माळावर असेल, ओढ्याकाठी असेल, त्यावर गवताची काडी नसली तरी ते गायरानच.

राहिला माळ, आणि खरी मौज इथेच आहे.

‘माळ’ हा जमिनीच्या ठेवणीचा शब्द आहे. तो उंची सांगतो. मेघदूतात यक्ष मेघाला रामगिरीवरून वाट सांगतो तेव्हा पहिल्यांदा काय लागतं? ‘सद्यः सीरोत्कषणसुरभि क्षेत्रमारुह्य मालम्’. नुकत्याच फिरलेल्या नांगराने जिचा वास सुटला आहे अशा ‘माल’ जमिनीवर चढ. ‘आरुह्य’, म्हणजे चढून. मेघदूताचा जुना टीकाकार मल्लिनाथ स्वच्छ सांगतो: शैलप्राय, म्हणजे डोंगरासारखं, उन्नत स्थळ. जोडीला ‘मालमुन्नतभूतलम्’ हा कोशाचा आधारही देतो. मेघदूताचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्सनने मात्र ‘माल’ हे विशेषनाम धरलं आणि नकाशावर छत्तीसगडातल्या रतनपूरच्या बाजूला ‘मालदा’ गाठलं. नंतरचे कित्येक भाषांतरकार त्याच्याच मागे गेले आणि ‘माल नावाचा प्रदेश’ लिहीत राहिले. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, हे बहुतेकांना मान्य आहे. मग तिथून निघालेल्या ढगाला पहिला माळ विदर्भातच लागणार. वैदर्भी शेतकरी ज्याला आजही माळ म्हणतो त्याच्यासाठी छत्तीसगडकडे बोट दाखवायची गरज काय होती?

कालिदासाचा माळ तर नांगरलेला आहे, मग वरचा सगळा युक्तिवाद कोसळला की काय? उलट तो पक्का झाला. माळ नांगरलेला असू शकतो, अनांगर असू शकतो, राखलेला असू शकतो, कारण त्या शब्दाचा वहिवाटीशी संबंधच नाही. ‘पड’ सांगते नांगराचं, ‘कुरण’ राखणीचं, ‘गायरान’ हक्काचं आणि ‘माळ’ उंचीचं. एकाच्या जागी दुसरा वापरला की माहितीच बदलते.

पुढचं माझं मत. ‘माळा’ हा शब्द घ्या: घरातला पोटमाळा, आणि ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला उभारतात तो माळा. सोलापूर-मराठवाड्याकडचं ‘माळवद’ घ्या, म्हणजे मातीचं सपाट धाबं. उंच आणि वर सपाट, हे वर्णन तिघांनाही बसतं आणि दख्खनच्या माळालाही तंतोतंत बसतं. कन्नडात वरच्या मजल्याला ‘माळिगे’ आणि डोंगराला ‘मले’ म्हणतात, तमिळमध्ये ‘मलै’. हे सारं एकाच दक्षिणी मुळातून आलं असावं आणि संस्कृतने ‘माल’ इथूनच उचललं असावं, असं मला ठामपणे वाटतं. हाराच्या ‘माले’शी त्याचा संबंध जोडणाऱ्यांनी निदान लिंग तरी पाहायचं होतं: ती माळ गळ्यात, तो माळ गावाबाहेर. टेकड्यांची ‘माला’ म्हणून माळ, ही उपपत्ती तर ऐकूनही घेऊ नये. माळ एकटाच असतो आणि सपाट असतो.

‘रान’ हे ‘अरण्य’, ‘रण्ण’ या वाटेने आलं, यावर वाद नाही. पण अरण्य म्हणजे दाट झाडी हे आपण नंतर चिकटवलं. वैदिक भाषेत ‘ग्राम’च्या उलट ते ‘अरण्य’, गावाबाहेरचं ते सगळं. ‘जंगल’ची गत याहून वाईट. चरक-सुश्रुतांचा ‘जाङ्गल देश’ म्हणजे पाणी कमी, वारा-ऊन भरपूर, वर मोकळं आकाश, मृगजळ, खडी, आणि लाव्या-तित्तिरांचा वावर. म्हणजे आपलं माळरानच! आज त्याच माळरानावर ‘जंगल उभारू’ म्हणतात.

हे उघडं रान पूर्वी घनदाट होतं, माणसाने तोडून उजाड केलं, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचं 2025 सालचं काम पाहावं. त्यांनी मराठीतले ओव्या, कथा, चरित्रं यांतले वनस्पतींचे उल्लेख ठिकाणांसह गोळा केले, पार 13व्या शतकापर्यंत मागे जाऊन. त्यांतले बहुसंख्य उल्लेख उघड्या, विरळ झाडांच्या गवताळ रानातल्या वनस्पतींचे निघाले. काही पिढ्यांमागे तोडलेलं जंगल आठशे वर्षांपूर्वीच्या साहित्यात गवताळ कसं दिसेल?

आता मूळ अहवाल. ‘रेंजलँड’ म्हणजे ज्या रानात नैसर्गिक गवतं, झुडपं वाढतात आणि पाळीव वा वन्य प्राणी चरतात, पण चारा पेरलेला नसतो, अशी सगळी रानं. त्यात वाळवंट येतं, हिमालयातली बुग्यालंही (उंचावरची गवताळ रानं) येतात, म्हणून सर्वसाधारण संज्ञा ‘चराऊ रान’ ठेवा आणि दख्खनपुरतं बोलायचं तिथे ‘माळरान’ लिहा. कोकणातला जांभ्याचा ‘सडा’ त्यात घालू नका. त्याची माती, पाणी आणि वनस्पती वेगळ्या आहेत.

मसुद्यात ‘वहनक्षमता’ हा आणखी एक शब्द दिसतो. तो पुलाला किंवा ट्रकला शोभतो. रानाची असते ती ‘चराईक्षमता’, म्हणजे त्यावर किती जनावरं किती दिवस चरू शकतात ते, आणि ती काढायची रीत अशी: सप्टेंबर-ऑक्टोबरात, तुरे आलेले असताना, 1 मीटर बाय 1 मीटरच्या चौकटी टाकून गवत जमिनीलगत कापा. जूनमध्ये कापाल तर तुऱ्याशिवाय जाती ओळखताच येणार नाहीत. प्रत्येक जात वेगळी करा आणि 60 ते 70 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ओल्या वजनावर हिशेब केला तर आकडा दुपटीहून फुगतो. समजा, हेक्टरी 1,000 किलो सुकं गवत आलं. त्यातलं निम्मं मुळांसाठी आणि बियांसाठी सोडायचं. उरलं 500. 400 किलोचं जनावर वजनाच्या सुमारे अडीच टक्के, म्हणजे दिवसाला 10 किलो खातं. म्हणजे एका हेक्टरवर एका जनावराचे 50 दिवस.

हा हिशेब सर्वांत जास्त चुकतो कुसळी गवतापाशी. अतिचराईत पवन्या आधी संपतो, मग कुसळी (हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस) पसरते आणि तीही संपली की ॲरिस्टिडा. कुसळी तुऱ्यावर येण्याआधी चांगला चारा असते. तुरा आला की मात्र तिची कुसळं ओलसर हवेत उलगडतात, वाळली की पिळतात आणि या वळण्या-सुटण्याने बी जमिनीत स्क्रूसारखं घुसवतात. मेंढीच्या लोकरीतही तशीच, आणि पुढे कातडीत. म्हणून ऑक्टोबरात कापलेली कुसळी ‘चारा’ या रकान्यात टाकू नका. तिला स्वतंत्र रकाना द्या आणि खाली कापणीची तारीख लिहा.