विद्यापीठांनी समाजाच्या भविष्यातल्या गरजांसाठी कशी तयारी करावी?

यंदा गर्दी नाही म्हणून विषय बंद करायचे नाहीत. माझ्या मते तयारीची सुरुवात इथून होते.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बारावीत होते. पुढे भूगर्भशास्त्र घेतलं ते त्यामुळेच, आणि लातूर जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात ते शिकवलं. 2007 पासून मुलांना घेऊन निलंग्याकडच्या एका ओढ्याकाठच्या चाळीस विहिरींची पाणीपातळी मोजायचो, मे महिन्यात एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांमध्ये. एका बांधावर पाणी लागतं, शेजारच्या बांधावर बोअर कोरडं जातं. म्हणून विहीरवार नोंदी लागतात, त्याही वर्षानुवर्षं. नाहीतर माणूस पाणाड्याला बोलावतो आणि त्याच्या हातातल्या नारळावर लाखभर रुपये लावतो.

2013 मध्ये पहिल्या वर्षाला अकरा प्रवेश झाले आणि विभाग बंद करायचा ठरला. मी वही घेऊन बैठकीला गेले. ‘विहिरी मोजून नोकरी लागते का, मॅडम?’ असं विचारलं गेलं. विद्यापीठाकडे पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही. विभाग बंद झाला, मोजणीही थांबली.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात ओढ्याकाठच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, ‘मॅडम, बोअर कुठं घेऊ?’ माझ्याकडे सहा वर्षांच्या नोंदी होत्या, पण दुष्काळापर्यंतची पुढची तीन वर्षं कोरी. दुष्काळात कोणत्या विहिरी टिकल्या, हेच तर सांगायचं होतं. गेलेल्या मे महिन्याची पातळी आता कोण मोजणार? बैठकीतल्या त्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

संगणकशास्त्र नको असं मी म्हणत नाही, माझा मुलगा तेच शिकला. सरकारी भूजल यंत्रणाही विहिरी मोजते, पण तालुक्यात मोजक्याच. बाकीच्या विहिरी महाविद्यालयांनी मोजायच्या, विद्यापीठानं त्याला श्रेयांक (क्रेडिट) द्यायचे आणि वह्या सांभाळायच्या. अभ्यासक्रम दर पाच वर्षांनी बदला हवा तर, मोजणी थांबवू नका.

माझी वही अजून घरी आहे. निलंग्याकडचं कुणी पुन्हा मोजायला घेणार असेल तर कळवा, चाळीसही विहिरींच्या खुणा मला पाठ आहेत.