अकरा ते चाळीस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा सरदार्स मैदानाच्या कट्ट्यावर तू विचारलंस, "सर, गोव्याकडून खेळायला जाऊ काय?" आणि मी "जा की" म्हणून गाडीला किक मारली. ते काही बरं झालं नाही. काल तुझ्या आईचा फोन आला, पोरगं दोन दिवस नीट जेवत नाही म्हणून. तेव्हा हे पत्र. फोनवर तू नुसतं "हां सर, हां सर" करतोस आणि मला तिसऱ्या मिनिटाला राग येतो. कागदावर मी जरा शहाण्यासारखा वागतो, असं आमच्या घरच्या मंडळींचं मत आहे.

तुझी तक्रार मला पाठ आहे. कर्नाटकच्या यादीत नाव नाही. बेंगळुरूत आपलं कोण नाही. कन्नड बोलताना जीभ अडखळते. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथं गर्दी कमी. नाहीतर ईशान्येकडचे नवे संघ आहेत, २०१८ पासून तेही विजय हजारे करंडकात, म्हणजे राज्यांच्या पन्नास ओव्हरच्या स्पर्धेत, खेळतात, त्यांना बाहेरची पोरं लागतात. आणि शेवटी हुकमाचं पान टाकल्यासारखा तू म्हणालास, "करुण नायर गेलाच की विदर्भाला." तिथंच माझं डोकं सरकलं.

गेला, बरोबर. २०२३ मध्ये कर्नाटक सोडून गेला. पण जाताना त्याच्या गाठीला काय होतं? चेन्नईत इंग्लंडविरुद्ध काढलेल्या नाबाद ३०३ धावा. तुझ्या गाठीला काय आहे ते सांगू? मागच्या रविवारचं स्कोअरशीट माझ्यापुढं आहे. ३८ चेंडू, ३४ धावा. तीन सिक्सर, दोन चौकार, आठ एकेरी. उरले पंचवीस. पंचवीस डॉट, एकही धाव नाही, बाळा! बाराव्या ओव्हरला आत गेलास, तेविसाव्या ओव्हरला लाँग ऑनच्या हातात मारून बाहेर आलास, आणि पॅड सोडताना मला सांगतोस, "रन रेट वाढवायचा होता सर." रन रेट कुणी खाल्ला होता? बॉलरनं?

अकरा ते चाळीस. किती वेळा सांगितलंय तुला? पहिल्या दहा ओव्हर नव्या चेंडूच्या आणि ओपनरच्या. शेवटच्या दहा लोकांच्या, टीव्हीच्या, क्लिपवाल्यांच्या. मधल्या तीस तुझ्या. वर्तुळाबाहेर चारच फील्डर, चेंडू भुरकट झालेला, दोन्हीकडनं स्पिनर, आणि बघणारे चहाला गेलेले. एकशे ऐंशी चेंडू. चार नंबरचा बॅट्समन म्हणजे ह्या एकशे ऐंशी चेंडूंचा वॉचमन. तू तिथं पाहुण्यासारखा येतोस, सरबत पितोस आणि निघतोस.

नायरचा २०२४-२५चा विजय हजारे हंगाम तू मोबाइलवर आकड्यांत वाचलास, मीही वाचला. आठ डाव, ७७९ धावा, पाच शतकं. ११२, ४४, १६३, १११, चारही नाबाद; मग ११२ वर एकदाचा बाद. तोवर ५४२ धावा झालेल्या, बाद न होता काढलेल्या धावांचा लिस्ट 'ए', म्हणजे वरच्या दर्जाच्या एकदिवसीय, क्रिकेटमधला विश्वविक्रम. लोक सरासरी सांगत सुटलेत, ३८९.५०. मला त्यात दिसलं ते एवढंच, की हा माणूस मध्येच कंटाळत नाही. नागपूरच्या पाण्यात काही विशेष असतं म्हणून नव्हे. कर्नाटकातच शिकलेलं ते.

आणि फायनल? ती तरी नीट बघितलीस काय? १८ जानेवारी २०२५, बडोद्याजवळचं कोटंबीचं मैदान, कर्नाटक विरुद्ध विदर्भ. पंधराव्या ओव्हरला कर्नाटक ३ बाद ६७. मयंक अगरवाल गेला, पडिक्कल गेला. तिथं स्मरण रविचंद्रन आणि श्रीजित उभे राहिले. स्मरण तेव्हा एकवीस वर्षांचा, तुझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा. चौथ्या विकेटला १६० धावा. स्मरणच्या ९२ चेंडूंत १०१, श्रीजितच्या ७४ चेंडूंत ७८. मग अभिनव मनोहर आला आणि त्यानं ४२ चेंडूंत ७९ फोडल्या. ३४८ झाल्या, विदर्भ ३१२ वर संपला, कर्नाटकला पाचवा करंडक. तुझा नायर २७ वर गेला, प्रसिद्ध कृष्णानं त्याच्या यष्ट्या उडवल्या. आपल्याच जुन्या संघाकडून हरला बिचारा, मला वाईट वाटलं त्याचं, खोटं नाही सांगत.

त्या रात्री तू मला काय पाठवलंस? मनोहरच्या सिक्सरची क्लिप. त्या १६० धावांची क्लिप कोण करणार? पॉइंटला ढकलला, पळाले. मिडविकेटला वळवला, पळाले. २०१९च्या जूनमध्येही तू हेच केलंस. आपल्या बेळगावच्या मैदानावर ऋतुराज गायकवाडनं श्रीलंका 'अ'विरुद्ध १३६ चेंडूंत नाबाद १८७ काढल्या. तू तेव्हा तेरा वर्षांचा. परत येताना माझ्या गाडीवर मागं बसून घर येईपर्यंत नुसते सिक्सर सांगत होतास. मी विचारलं, एकेरी किती? म्हणालास, ते कोण मोजतंय सर. मी मोजतो, बाळा. मी आयुष्यभर तेच मोजत आलोय, आणि का मोजतो ते आता सांगतो. हे तुझ्या बाबालासुद्धा मी कधी सांगितलेलं नाही.

मी तेविसाचा होतो. निवडीची मॅच, पन्नास ओव्हरची, बेंगळुरूत. रात्रभर गाडीत कीटबॅगवर डोकं ठेवून गेलो. चार नंबरला आलो, ५१ चेंडूंत ३१ झाल्या. छान चाललं होतं. नुकतंच पाणी पिऊन झालेलं, चोविसावी ओव्हर. मी मांडवाकडं बघितलं तर निवड समितीतली माणसं पाठ फिरवून चहा घेत होती. मनात आलं, च्यायला, मी एवढ्या लांबून आलो आणि हे बघतसुद्धा नाहीत. डावरा स्पिनर होता, लाँग ऑन मागं उभा होता, मला दिसत होता. तरी मारला. सरळ त्याच्या हातात.

परत येताना त्यातला एक म्हातारा मांडवाबाहेर आला आणि मला म्हणाला, "चेन्नागि आड्ता इद्दे, याके होडदे?" चांगला खेळत होतास की, का मारलास? म्हणजे तो बघत होता. चहाचा कप हातात धरून सगळं बघत होता.

बेळगावात उतरल्यावर मी काय सांगितलं असेल? की आपण मराठी, ते आपल्याला घेत नाहीत. खडेबाजारात सांगितलं, जिमखान्यावर सांगितलं, लग्नाकार्यात सांगितलं. लोकांनी माना डोलवल्या, कारण आपल्याकडं ही गोष्ट सांगितली की कोण पुरावा मागत नाही. वीस वर्षं सांगत राहिलो. हळूहळू मलाही ती खरी वाटायला लागली. सगळीच खोटी होती असंही मी म्हणणार नाही. भाषेवरून टोमणे मीही ऐकलेत, तूही ऐकशील. पण लाँग ऑनच्या हातात चेंडू मी मारला होता.

मग मीही तुझ्यासारखाच निघालो. सीमेपलीकडच्या एका संघातून दोन हंगाम खेळलो. इथं मी मराठी होतो, तिथं गेल्यावर कर्नाटकी झालो. आणि तिथंही चोविसाव्या ओव्हरला मला कंटाळा यायचा. माझा कंटाळा माझ्या शेजारी एसटीत बसून निपाणी ओलांडून आला होता, तिकीट न काढता.

आता तू म्हणशील, सर, तुमचं वेगळं, माझं वेगळं. असेल. पण गदगचे सुनील जोशी शाळेच्या वयात रोज पहाटे हुबळीला सरावाला जायचे आणि परत येऊन शाळेत बसायचे. गदग तर बेळगावापेक्षा लहान. १९९९ मध्ये नैरोबीत त्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दहा ओव्हर टाकल्या, सहा निर्धाव, सहा धावा, पाच बळी. आपल्या बेळगावात जन्मलेला रोनित मोरे कर्नाटकाकडून वर्षानुवर्षं बॉलिंग टाकून गेला. तेव्हा इथून कोण जात नाही, हे माझ्यापुढं बोलू नकोस. माझ्यापुढं तर अजिबात नको. ती कॅसेट मीच काढलेली आहे.

ज्याच्या नावाचा हा करंडक, त्यांचंही आता सांगून टाकतो, नाहीतर तू कुठूनतरी वाचून माझ्यावरच फेकशील. विजय हजारे सांगलीचे. महाराष्ट्राकडून खेळले आणि मग बडोद्याला गेले. म्हणजे गाव सोडणं पाप नाही, हे मला मान्य आहे. पण बडोद्यात त्यांनी काय केलं? १९४७ची रणजी फायनल, होळकर संघाविरुद्ध, बडोदा ३ बाद ९१. हजारे आणि गुल महंमद यांनी तिथून ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. आणि ह्या फायनलला त्याच बडोद्याला कर्नाटक ३ बाद ६७. मी टीव्हीपुढं एकटाच ओरडलो, बायको स्वयंपाकघरातून पळत आली. तिला समजावून सांगायला गेलो तर म्हणाली, दूध उतू जातंय.

आमच्या गल्लीत तर त्या आठवड्यात वेगळीच मजा. सेमीफायनलला महाराष्ट्र विदर्भाकडून हरला, नाहीतर फायनल कर्नाटक विरुद्ध महाराष्ट्र. टाळ्या कुठल्या बाजूनं वाजवायच्या यावर कट्ट्यावर दोन दिवस भांडण. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, चालू दे. तुझा चार नंबरचा दावा कुठल्या कोर्टात नाही. तो चोविसाव्या ओव्हरला चालतो.

लोक तुला हेही सांगतील, की मास्तर हट्टी आहे, ह्याच हट्टापायी त्यानं क्लबची फायनल घालवली. घालवली. आमच्याकडं एक पोरगा होता, पहिल्या चेंडूपासून मारायचा. सरावाला मधल्या ओव्हरचा डाव लावला की हा झाडाखाली मोबाइल बघत बसायचा. तीनदा सांगितलं, चौथ्यांदा फायनलला बसवला. अकरा धावांनी हरलो. तो आजही समोर आला की रस्ता बदलतो. मी चुकलो काय? मला नाही वाटत. कधी कधी रात्री वाटतं, त्याला सात नंबरला तरी खेळवायला हवा होता. पण मग सोमवारी बाकीच्या पोरांना मी कुठल्या तोंडानं एकेरी पळायला लावलं असतं? असो. तो विषय मी काढायला नको होता.

गोव्याचं म्हणशील तर माझी ना नाही. एनओसीचा कागद लागेल, तुझ्या बाबाला घेऊन ये, अर्ज मी लिहून देतो. पण जूनपर्यंत थांब. पावसाआधी मला तुझे आठ रविवार हवेत. ठरलेलं आहे सगळं: एकशे ऐंशी चेंडू, दोन स्पिनर, चार चपला बाउंड्रीवर आणि पाच आत. वहीत डॉटला टिंब, एकेरीला रेघ. सिक्सर मारलास तर चेंडू तूच आणायचा, गटारातला असला तरी. टिंबं साठच्या खाली आली की माझ्या बाजूनं तू मोकळा. गोव्याला जा, नागालँडला जा, मी स्टेशनवर सोडायला येईन.

आईला सांग, आज जेवलास म्हणून. आणि खरंच जेव.

रविवारी सहाला ये. मॅट मी अंथरून ठेवतो. येताना खिळे आण, मागच्या वेळचे चार वाकलेत, आणि जुना चेंडू आण. नवा आणलास तर परत पाठवीन.

तुझा,
सर