शिवराक व्हायचं ठरलं, पण भिजत कोण घालणार?

प्रश्न: आम्ही दोघंही मालवणकडचे, सात वर्षं मँचेस्टरजवळ राहतो. नवऱ्याने जानेवारीपासून मासे-मटण सोडायचं, शिवराक म्हणजे शाकाहारी व्हायचं ठरवलं. मलाही ते पटलं, पण तीन महिन्यांत मी कंटाळले. रोज पनीर नाहीतर राजमा. सासूबाईंना वाटतं, मीच त्यांच्या मुलाला घासफूस घालते. उन्हाळ्यात गावी जायचंय. शिवाय फ्रीझरमध्ये आईने दिलेला सुकटीचा डबा आहे, तो टाकू का?

उत्तर: डब्याचं शेवटी सांगते. आधी मला सांगा, तुमच्या घरी कडधान्य रात्री भिजत कोण घालतं?

हे मुद्दाम विचारते. बांगडा तव्यावर टाकला की पंधरा मिनिटांत पान वाढता येतं. वालाच्या बिरड्याला दोन-तीन दिवस लागतात: रात्रभर भिजवा, फडक्यात बांधा, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोला. इंग्लंडातल्या थंड ओट्यावर मोड यायलाच दोन दिवस जातात. (ओव्हन न पेटवता नुसता आतला दिवा लावून ठेवा, मोड लवकर येतात.) मासे सोडले की घरातलं काम वाढतं, आणि ते बहुतेक वेळा ज्याने ठरवलं त्याच्या वाट्याला येत नाही. तुम्ही पनीरला कंटाळला नाहीत, एकटीने करण्याला कंटाळलात, असा माझा अंदाज आहे. पनीर रोज येतं, कारण ते भिजवावं लागत नाही.

तेव्हा पहिलं काम नवऱ्याचं. रविवारी संध्याकाळी त्याने आठवड्याचं वाटप करायचं: उभा कांदा आणि खोबरं चांगलं काळपट भाजून, धणे-मिरी घालून वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. खवलेला नारळ देशी दुकानाच्या फ्रीझरमध्ये मिळतो, खोवणी शोधायला नको. झोपण्यापूर्वी वाटाणे भिजत घालणं हेही त्याचंच. आठ-दहा तास लागतात, विसरला तर दुसऱ्या दिवशी टोस्ट खायचा.

आता चवीचं. आपल्याला आठवते ती माशाची चव म्हणजे बरीचशी तिरफळं (कोकणातला झणझणीत मसाल्याचा दाणा), आगळ (कोकमाचा आंबट रस) आणि वाटपाचीच चव असते. बांगड्याच्या तिखल्यातली, म्हणजे तिखट कालवणातली, तिरफळं मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठींतही तेवढीच बोलतात. सुरणाच्या, कच्च्या केळ्याच्या नाहीतर वांग्याच्या कापांना आगळ आणि मालवणी मसाला चोळा, रव्यात घोळवून कमी तेलावर तळा. गावी पावसात अळंबी मिळाली की सण असायचा. इंग्लंडात मश्रूम बारा महिने ढिगाने पडलेले असतात, त्यांना वाटप लावा. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या असल्यावर पनीर कोण विचारतो? गंमत म्हणजे तुम्ही राहता त्याच मुलखात, लँकेशायरकडे, ५ नोव्हेंबरच्या आसपास उकडलेले काळपट वाटाणे व्हिनेगर घालून खातात. आपल्या काळ्या वाटाण्यांच्या जवळचेच. कुकरला शिट्ट्या मात्र सढळ हाताने द्या.

मटणाचा पर्याय म्हणून जे पाकिटबंद सॉसेज आणि बर्गर मिळतात, ते घाईच्या दिवशी ठीक. रोज नको, मीठ बरंच असतं आणि आपल्या वाटपाशी त्यांचं जमत नाही.

पाकिटं वाचायची सवय लावून घ्या. पार्मेझान चीजच्या नियमातच वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) आहे. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, थाई करी पेस्टमध्ये बऱ्याचदा कोळंबी. चघळायच्या मऊ गोड गोळ्यांमध्ये जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. मासे आणि कोळंबी ॲलर्जीच्या यादीत असल्याने तिकडे ठळक अक्षरात छापतात, पण जिलेटिन आणि रेनेट तसे ठळक दिसणार नाहीत. किती कडक राहायचं ते दोघांनी एकदा बसून ठरवा. दुकानाच्या रांगेत वाद नको.

तब्येतीचं एकच मनावर घ्या: बी-१२. ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही. एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) हिशेबाने मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १.५ मायक्रोग्रॅम लागतं. दूध, दही, चीज, अंडी नियमित खात असाल तर भागतं. दूधही सोडणार असाल तर वरून घातलेलं बी-१२ असलेलं अन्न किंवा गोळी हवीच. ते कमी पडल्याने आमच्या घरी पायाला मुंग्या येत होत्या आणि आम्ही वर्षभर थंडीला दोष दिला. जीपीकडून (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडून) एकदा रक्त तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही बी-१२ कमी होऊ शकतं. लोह तुम्हाला जास्त लागतं: पन्नाशीच्या आत बाईला दिवसाला १४.८ मिलिग्रॅम, पुरुषाला ८.७. ते अंगी लागावं म्हणून उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणाला चिकटून चहा घेऊ नका. हे दुसरं सांगणं सोपं, मलाही पाळता येत नाही.

सासूबाईंचं म्हणाल, तर तो फोन मुलाने करायचा. ‘आई, मी सोडलंय, तिने नाही,’ एवढंच. सून सांगायला गेली की तो तिचाच निर्णय ठरतो. आणि गावी निघायच्या महिनाभर आधी सांगा, नाहीतर त्या सुरमई आणून ठेवतील आणि मग ती कोणी खायची यावरून सुट्टी जाईल. सोमवारचं, श्रावणातलं शिवराक त्या जन्मभर रांधत आल्यात. ‘तुझ्या हातचं वाटाण्याचं सांबार कर,’ असं मुलाने आधीच मागितलं तर घासफुसाचा विषय निघणारही नाही.

राहिला सुकटीचा डबा. टाकू नका. ‘मलाही ते पटलं’ असं तुम्ही लिहिलंय, ‘मीही सोडलं’ असं लिहिलेलं नाही. नवरा सोडेल आणि तुम्ही महिन्यातून एखाद्या बुधवारी भाकरीबरोबर सुकट खाल, असंही घर चालतं. फक्त ते त्याच्याशी बोलून घ्या, लपवून नको. आणि भाजताना खिडकी सताड उघडा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. पडद्यांना तो वास आठवडाभर राहतो, आणि तिथले धुराचे अलार्म सुकटीला फार लवकर ओळखतात.